स्टेजकडं पाठ

गावात कुठंही सभा असली की आमचे घरमालक घरातलं लाकडी स्टूल काखेत मारून निघायचे. सभेच्या जागी पोचले की पहिल्या रांगेच्याही पुढं, अगदी स्टेजच्या पायथ्याशी ते स्टूल ठेवायचे आणि स्टेजकडं पाठ करून बसायचे. वर पुढारी घसा ताणून बोलतोय, समोर गर्दी ऐकतेय आणि मधे हे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर लोकांवर. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नसेल, चुकून उलटा बसलाय. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसानं त्यांना खांद्याला धरून सुलटं करायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "बोलणारा मला बघायचा नाहीये. तो सगळीकडं सारखाच असतो. मला ऐकणारे बघायचेत."

मंचरहून अवसरीकडं जाताना एक फाटा फुटतो, त्या फाट्यावरचं हे गाव. मी सांगलीकडची. माध्यमिक शाळेत मराठी शिकवायला इकडं आले आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यांची सारी नोकरी कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात गेलेली. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले.

खोल्या बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला भाड्याचं काही विचारलं नाही. विचारलं, "बाई, तुमच्या गावात सगळ्यात जास्त कुणाचं ऐकतात?"

मी म्हटलं, "माझ्या थोरल्या मामांचं."

"का ऐकतात?"

मला सांगता येईना. मामा श्रीमंत नव्हते, फार शिकलेलेही नव्हते. सर म्हणाले, "सापडलं उत्तर की सांगा. घाई नाही." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

टीव्ही ते आवाज बंद करून बघायचे. भाषण चालू असलं की चहा पीत बसायचे आणि कॅमेरा गर्दीकडं वळला की ताडकन उठून पडद्याला नाक लावायचे. "ती हिरव्या साडीतली बघा बाई. तिला घोषणा ऐकू आलेली नाही. ती शेजारणीचं बघून तोंड हलवतेय. आणि शेजारीण हिचं बघून." असलं काही सापडलं की त्यांचा दिवस चांगला जायचा. स्वयंपाक ते स्वतः करायचे, वाईट करायचे आणि चांगला झालाय असं मला दटावून सांगायचे.

त्यांचा विषय एकच. एक साधा माणूस बघता बघता एवढा मोठा कसा होतो की अख्खा देश आपलं डोकं काढून त्याच्या हातात देतो? जुने विद्यार्थी सांगायचे, हा एकच तास वर्षभर चालायचा. कुणी विचारलं, "सर, तो हुकूमशहा बोलायचा कसा?" की सर भडकायचे. "तो कसा बोलायचा ते सोड! त्याच्या आधी तिथल्या पावाच्या दुकानात रांगेतली माणसं काय बोलत होती, ते विचार. लढाई हरलेली. हातातल्या नोटेचा कागद झालेला. शिकलेली पोरं उंबऱ्यावर बसून. कचेरीत गेलं तर कुणी धड उत्तर देत नाही. रांगेत रोज एकच वाक्य, आता कुणीतरी पाहिजे राव. खुर्ची आधी तयार होते. बसणारा मागनं येतो."

मला हे सगळं पुस्तकी वाटायचं. आमच्या आळीतली एक म्हातारी गेली तोवर.

भर दुपारी उसाच्या कडेला ती गवत कापत होती. बिबट्यानं तिला मागून उचललं. माणसं ओरडत धावली, तेव्हा सरीत नुसती तिची चप्पल सापडली. ती स्वतः खूप आत सापडली. त्यानंतर गावाचा श्वासच आखडला. बिबट्या मानेला धरतो म्हणून बाया रानात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधू लागल्या. शाळेच्या मैदानावर पोरं खेळेनात. पंपाला लागणारी थ्री फेज लाईट यायची रात्रीची, म्हणजे पाणी धरायला गड्यांनी अंधारात उसात शिरायचं. वनखात्याकडं गेलं की उत्तर ठरलेलं, माणसं कमी आहेत. एक पिंजरा लावला होता, तो रिकामाच.

डेअरीवर दूध घालायला उभ्या असलेल्या माणसांत मी ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं. "कुणीतरी पायजे राव आता."  घरी येऊन सरांना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली.

आणि तो आला. दूरचा कुणी नव्हता. गावातलाच, तिशीतला, घरचे दोन जेसीबी, बोलायला गोड, सरांच्याच हाताखाली शिकलेला. सगळे त्याला 'भाऊ' म्हणायचे. त्यानं माणसं गोळा केली, वीजकेंद्रासमोर ठिय्या मारला आणि दिवसाची लाईट मिळवूनच उठला. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा अभिमान वाटला. सरही ठिय्याला गेले होते, स्टुलासकट. परतताना मला म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. म्हणून जास्त भीती वाटते."

थोड्याच दिवसांत बिबट्या पिंजऱ्यात सापडला. पिंजरा वनखात्याचा, आतली शेळीही वनखात्याची. पण पिंजऱ्याला हात लावून उकिडवं बसलेल्या भाऊचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. सकाळी डेअरीवर मी ऐकलं की भाऊ पहाटे तिथं हजर होता. दुपारी शाळेत शिपाई म्हणाला, भाऊनंच त्याला पिंजऱ्याकडं हाकललं. संध्याकाळी एक पालक मला सांगत होते, "मॅडम, भाऊनं त्याच्या डोळ्याला डोळा लावला, आन् त्यो गपगुमान आत जाऊन बसला!"

सर सलूनमध्ये मुद्दाम दाढीला गेले आणि भाऊलाच गाठलं. "काय रे, डोळ्याला डोळा लावलास?"

भाऊ लाजला. "न्हाई ओ सर, मी गेलो तवा दार पडलेलं व्हतं. लोकच म्हणत्यात."

"मग तू सांगत का नाहीस?"

"आता लोकास्नी बरं वाटतंय, तर कशाला?"

हा 'कशाला' सरांच्या मनात खुपत राहिला. पुढं सगळं भराभर झालं. भाऊचं पथक निघालं. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, हातात काठ्या, बॅटऱ्या. दिवस मावळला की भोंगा वाजायचा आणि भोंग्यानंतर कुणी बाहेर पडायचं नाही. मोटारसायकलवरून उशिरा आलेल्या एका माणसाला चौकात उठाबशा काढायला लावल्या. बघणारे हसले. एकदा मंचरहून येताना माझी एसटी चुकली. फाट्यावर पथकातल्या दोघांनी मला अडवलं. बोलणं अदबीचं होतं. "मॅडम, जाताना भाऊंना सांगून जात जा. तुमच्याच भल्यासाठी."

मी सरांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुतला.

मग एके दिवशी पुन्हा एक वासरू गेलं. पिंजऱ्यात गेलेला बिबट्या एकटा नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण भाऊनं बिबट्या संपवला अशी गोष्ट एकदा झाल्यावर वासराचा दोष कुणाच्या तरी माथी जायला हवा होता. तो मेंढपाळांच्या माथी गेला. दरवर्षी दिवाळीनंतर भिमा आणि त्याची बायको ठकूबाई मेंढरं घेऊन यायची, तशी यंदाही आली होती. शेतकरी त्यांना आग्रहानं आपल्या रानात बसवायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. तिथून ती मढवरून माळशेज घाट उतरून कोकणात जायची. आता एकदम सगळ्यांना आठवलं की मेंढरांच्या वासानं बिबट्या येतो.

ग्रामसभा भरली. मंदिरापुढचा मांडव गच्च. भाऊ माइकवर म्हणाला, "उद्या दिवस मावळायच्या आत मेंढरं शिवंच्या बाहेर. कुणाचा इरोध?"

सर नेहमीप्रमाणं लोकांकडं तोंड करून बसले होते. त्यांनी बसल्या जागी हात वर केला. मांडवातला आवाज एकदम बसला.

"म्हातारी गेली तेव्हा गावात एकही मेंढरू नव्हतं," सर म्हणाले. "होतं का? कुणीही सांगा."

 दोनचार माना खाली गेल्या. मला वाटलं, झालं, आता लोक विचार करतील. तेवढ्यात भाऊ स्टेजवरून उतरला, सरांपुढं आला आणि सगळ्या गावादेखत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "सर, तुमी माझे गुरू. तुमच्यामुळं आज मी हितं हाय. पण आता तुमी आराम करा. गावाचं आमी बघतो."

असा टाळ्यांचा कडकडाट मी आयुष्यात ऐकला नव्हता. बायांनी डोळ्यांना पदर लावले. सर पाय मागं घ्यायला बघत होते आणि भाऊनं ते धरून ठेवले होते. ठराव कधी झाला ते कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सर भिमाकडं गेले आणि मेंढरं आणि सामानाचं घोडं यांसकट त्या दोघांना आपल्या घरामागच्या मोकळ्या रानात घेऊन आले. चहूबाजूंनी तारेचं कुंपण, पुढं लोखंडी फाटक. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावायला सर स्वतः मदत करत होते आणि सारखे तिच्यात अडकत होते. ठकूबाई म्हणाली, "सर, कशाला वाईटपणा घेता? आमी जातो की."

"घर माझं आहे," सर म्हणाले. "माझ्या घरी कोण राहणार ते मी ठरवणार."

भोंगा वाजायच्या जरा आधी ते आले. पुढं पथक, मागं निम्मं गाव. भाऊ सगळ्यांत पुढं. मी ओट्यावर उभी होते. सर फाटकाशी गेले. भाऊकडं त्यांनी बघितलंही नाही. त्याच्या मागच्या माणसाला हाक मारली.

"संदीप, मागच्या साली ही मेंढरं तुझ्या रानात बसली होती ना? कांदा कसा आला?"

संदीप गोंधळला. "लई झ्याक आला व्हता सर."

कुणीतरी हसलं. गर्दी जराशी सैल झाली.

"मग आज तुझं काय म्हणणं आहे?"

"भाऊ म्हणत्यात तसं."

"भाऊचं मी भाऊला विचारीन. तुझं सांग."

संदीपनं काठी या हातातून त्या हातात घेतली. सर पुढच्याला नावानं विचारू लागले, मग त्याच्या पुढच्याला. कुणाच्या बापाची, कुणाच्या रानाची आठवण काढून. एकेक माणूस गर्दीतून वेगळा होताना मला दिसत होता.  भाऊही जणू आपली पाळी कधी येते याची वाट बघत होता.

आणि मागून दगड आला.

तो सरांच्या कपाळाला लागला. चष्मा उडाला. ते फाटकाला धरून खाली बसले आणि पांढऱ्या शर्टावर रक्त उतरू लागलं. मी किंचाळत धावले.

"कुणी मारला?" भाऊ मागं वळून ओरडला. "म्होरं या! कुणी मारला?"

कुणी पुढं आलं नाही. उलट पाठीमागून, अंधुक उजेडातून आवाज आला, "भाऊ, बाजूला सरका!"

त्या वेळी भाऊचा चेहरा माझ्यापासून दोन हातांवर होता. तो पांढराफटक पडला. त्याला कुणी 'बाजूला सरक' म्हणेल हे त्याच्या स्वप्नातही नसावं. त्यानं दोन्ही हात पसरले आणि फाटक अडवून उभा राहिला. "आरं, सर हायेत ते! आपले सर!" दुसरा दगड फाटकाच्या लोखंडावर खणकन वाजला. मग रक्त बघून पुढची माणसं मागं सरली, आणि पुढची सरली तशी मागची पांगली.

भाऊनंच सरांना उचलून जीपमध्ये घातलं आणि मंचरला दवाखान्यात नेलं. टाके पडत असताना तो बाहेर बाकावर बसून होता. 

आम्ही परत आलो तर मागचं रान मोकळं होतं. वाघर नाही, घोडं नाही, मेंढरं नाहीत. ठकूबाईनं सरांची पातेली घासून ओट्यावर पालथी घातली होती, एवढंच. मला वाटलं, सर चिडतील. ते त्या पातेल्यांशेजारी बसले आणि म्हणाले, "बाई, मी त्यांना विचारलंच नाही. थांबायचंय का म्हणून. मी माझाच हिय्या दाखवत बसलो."

पोलिसात जाऊ म्हटलं, तर नाव कुणाचं देणार?

आठवडा व्हायच्या आत गोष्ट तयार झाली होती. मेंढपाळांनी सरांना दगड मारला आणि भाऊनं जिवावर उदार होऊन त्यांना वाचवलं. सर बँडेज बांधून डेअरीवर गेले, सलूनमध्ये गेले, चौकात उभे राहिले, जे घडलं ते सांगत राहिले. लोक प्रेमानं ऐकून घ्यायचे. एक बाई म्हणाली, "सर, डोक्याला लागलंय ओ. तुमास्नी आठवत नसंल."

त्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

भाऊचा वाढदिवस आला. गावानं सत्कार ठरवला. आमंत्रण द्यायला तो स्वतः आला आणि दारातच उभा राहिला. सर म्हणाले, "ये. बस. मी येईन. पण माइकवर तू खरं सांगायचं. दगड कुणाचा होता ते."

"लोक ऐकायचे न्हाईत, सर."

"तू सांगितलंयस का कधी?"

 भाऊ म्हणाला, "भ्या वाटतं सर. त्या दिवसापासनं. रस्त्यानं चाललो की मागं वळून बघतो."

सत्काराला मांडव ओसंडून वाहत होता. हार झाले, शाल झाली. भाऊ माइकपाशी आला. सर त्यांच्या जागेवर, लोकांकडं तोंड करून. भाऊनं सुरुवातीचे शब्द गिळले आणि एकदम म्हणाला, "सरांना दगड मेंढरंवाल्यांनी मारला न्हाई. आपल्यातल्याच कुणीतरी मारला. मी म्होरं व्हतो. मला थांबवता आलं न्हाई."

 मी सरांकडं बघितलं, ते ओठ घट्ट मिटून लोकांचे चेहरे वाचत होते.

मग मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बघा! ह्याला म्हणत्यात खरा माणूस!" आणि टाळ्या सुरू झाल्या.

"टाळ्या नका वाजवू," भाऊ म्हणाला. टाळ्या वाढल्या. "आरं, ऐका की! मी काय बोलतोय!" माणसं उभी राहिली. भाऊच्या नावाचा जयजयकार सुरू झाला. तो हात हलवून नको नको म्हणत होता आणि त्या प्रत्येक 'नको'ला लोक आणखी चेकाळत होते. हा केवढा साधा, केवढा मोठा! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बघून बायाही रडू लागल्या.

सर उठले. पायऱ्या चढून वर गेले, भाऊचा दंड धरला आणि वर्गातल्या आजारी मुलाला घरी पाठवायला न्यावं तसं त्याला बाजूच्या पायऱ्यांनी खाली आणलं. दोघं मांडवाबाहेर पडले. मी मागं पळाले. मागं वळून बघितलं तर स्टेज रिकामं होतं आणि टाळ्या चालूच होत्या. मग पथकातला दुसऱ्या नंबरचा माणूस पुढं झाला आणि त्यानं माइक हातात घेतला.

भाऊलाही तो आवाज ऐकू आला. रस्त्याकडेच्या चिंचेखाली तो मटकन बसला. "आता त्याला डोक्यावर धरत्याल."

"धरतील," सर म्हणाले.

"मग काय उपेग झाला, सर?"

 लोक असं का करतात हे सरांनी आयुष्यभर शिकवलं होतं. पुढं काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडंही नसावं. ते म्हणाले, "जीपमध्ये डिझेल आहे का? उद्या मढला जाऊ."

मला सुट्टी होती, मीही गेले. मढच्या अलीकडं एका पडीक रानात मेंढरं दिसली. भिमा वाघर सोडत होता. आणखी दोन दिवसांनी गेलो असतो तर ती घाट उतरलेली असती. ठकूबाई एका मेंढीला गुडघ्यांत दाबून बसली होती. सरांच्या कपाळाकडं बघून तिनं विचारलं, "सुकलं का?"

"सुकलं."

भाऊ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. जीपमध्ये तो सारखा ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होता. "मावशी, माझी लई मोठी चूक..."

"उभा काय ऱ्हायलास?" ठकूबाई म्हणाली. "हिच्या खुरात काटा मोडलाय. पाय धर हिचा. घट धर."

भाऊ पांढऱ्या पँटीत मातीत बसला आणि त्यानं मेंढीचा पाय धरला. तिनं असा हिसका दिला की तो मागं कोलमडला.

"धराया बी येत न्हाई व्हय?"

भिमा हसला. भाऊ उठून पुन्हा बसला. सरांनी विचारलं, "ठकूबाई, पुढच्या साली याल?"

"पुढल्या सालाचं पुढल्या साली," ती सुईचं टोक खुरात घालत म्हणाली. "आधी ह्यो काटा निघूंद्या."

मेंढीनं पुन्हा हिसका दिला. या वेळी भाऊनं पाय सोडला नाही.